अंगाला बेतलेली रायफल

नेमबाजीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘खरा नेमबाज कुठल्याही बंदुकीनं नेम साधतो.’ त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं. पॉइंट टू-टूची रायफल म्हणजे शिकाऊ पोरांची, एनसीसीच्या कॅम्पात चार-पाच गोळ्या मारण्यापुरती. ती विकत घ्यायची, दस्ता बदलायचा, चापाचा ताण कमीजास्त करत बसायचं, ही रिकामटेकड्या श्रीमंतांची हौस. पुराव्याला अर्जुन आणि पक्ष्याचा डोळा ठरलेलाच. जाणत्या, खेळावर प्रेम करणाऱ्या माणसांच्या तोंडून मी हे वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, आणि ते मुळापासून चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे.

महाभारताचाच आधार घ्यायचा तर त्याच आदिपर्वातला एकलव्य का सोडायचा? अंगठा दिल्यावर त्याची नजर तीच होती, एकाग्रता तीच होती, साधना कुठे वाया गेली नव्हती. उरलेल्या बोटांनी तो बाण सोडतही राहिला. पण पहिली चपळाई राहिली नाही, असं कथाच सांगते. शरीर आणि शस्त्र जिथे एकमेकांना भेटतात ती जागाच गेली. रायफलीच्या बाबतीत ही जागा म्हणजे खांद्याचा खळगा, गालाचं हाड, डावा तळहात आणि चापावरच्या बोटाचं पहिलं पेर. साधं गणित आहे. मीटरभर लांबीच्या रायफलीचं तोंड दशांश एक मिलिमीटर हललं, तर 50 मीटरवर गोळी पाच मिलिमीटर सरकते. तिथल्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ आहे 10.4 मिलिमीटर व्यासाचं, जेमतेम करंगळीच्या नखाएवढं.

आता टू-टूच का, ते सांगतो. पूर्वपक्षाचा खरा गोंधळ तिथेच आहे. मोठ्या रायफलीच्या काडतुसात ठिणगी पाडणारी टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. गोळी झाडल्यावर ती काढून नवी घालता येते. म्हणून अमेरिकेत, युरोपात हौशी नेमबाज घरी दारू मोजून भरतात आणि आपल्या नळीला मानवेल असं काडतूस स्वतः तयार करतात. टू-टूत ती सोय नाही. हिचा स्फोटक मसाला पुंगळीच्या दुमडलेल्या कडेत आतून पसरलेला असतो. पिन कडेवर आदळून ती चेचते, आणि चेचलेली कड पुन्हा कामाला येत नाही. 1887 साली .22 लाँग रायफल हे काडतूस निघालं तेव्हापासून हा नियम बदललेला नाही. काडतूस कारखान्यातून येईल तसं स्वीकारायचं. मग नेमबाजाच्या हातात उरतं काय? रायफल, आणि तिच्याशी जुळणारा काडतुसांचा लॉट. रायफलीवरच्या खटाटोपाला दिखाऊ हौस म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही की या खेळात कारागिरीला तेवढीच जागा शिल्लक आहे.

लॉटचं प्रकरण तर जवळून पाहण्यासारखं असतं. एकाच कंपनीची, एकाच नावाची, सारख्याच किमतीची दोन खोकी. फक्त लॉटचा नंबर वेगळा. रायफल शिकंज्यात आवळून दहा-दहा गोळ्या झाडायच्या. एका खोक्याच्या दहाही गोळ्या कागदाला एकच फाटकं भोक पाडतात, दुसऱ्या खोक्याच्या इकडेतिकडे पसरतात. शेजारच्या माणसाच्या रायफलीत नेमकं उलटं घडतं. बर्मिंगहॅमला ईली या काडतूस कंपनीच्या कारखान्यात नेमबाज आपापली रायफल घेऊन जातात ते याचसाठी. ‘कुठल्याही बंदुकीनं’ म्हणणाऱ्यांनी अशी एक चाचणी उभं राहून पाहावी.

शिवाय टू-टू चूक लपवू देत नाही. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून किंचित जड. स्पर्धेच्या काडतुसाचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला 330 मीटरच्या आसपास ठेवलेला. चाप सुटल्यावर ती दोन-तीन मिलिसेकंद नळीतच असते. तेवढ्यात खांदा सैल पडला तर ते कागदावर उमटतं. आणि हिला खेळणं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की या काडतुसांच्या खोक्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो.

पूर्वपक्षात खरं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. 1964 साली निघालेली अमेरिकन रुगर 10/22 घ्या. तिची नळी दोन स्क्रूंवर बसवलेली असते. ॲलन की हाती असलेला कुणीही ती घरच्या टेबलावर बदलू शकतो. साहजिकच तिच्याभोवती सुट्या भागांचा मोठा बाजार उभा राहिला, आणि त्यातला बराच माल रंगरंगोटीपुरता आहे. त्यानं नेम सुधारत नाही, हे मान्य. पण त्याच रायफलीचा कारखान्यातून आलेला चाप ओढायला सुमारे अडीच किलोचा जोर लागतो आणि खुद्द रायफलीचं वजनही जवळपास तेवढंच. बोटानं रायफलीच्या वजनाएवढं ओढायचं आणि रायफल मात्र हलू द्यायची नाही! स्पर्धेच्या रायफलीत हाच ताण शंभर ग्रॅमच्या आसपास आणता येतो. हा बदल दिखाऊ कसा म्हणायचा?

1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक 451.4 गुणांनी जिंकलं, ते याच टू-टूनं खेळल्या जाणाऱ्या 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात. त्याची अंतिम फेरी ज्यांनी पाहिली त्यांनी दोन पोझिशनांच्या मधला वेळही आठवून बघावा. गुडघ्यावर बसून झालं की झोपून, मग उभं राहून. शरीर बदललं की रायफल बदलायची: बट प्लेट वरखाली, गालाचा टेकू मागेपुढे, पट्टा काढायचा. या जुळवाजुळवीसाठी नियमच वेळ राखून ठेवतात. म्हणजे रायफल अंगाला बेतणं हा त्या स्पर्धेचाच भाग आहे.

आपल्या कायद्यानंही हा फरक ओळखलेला आहे. शस्त्र अधिनियम 1959 माणशी किती बंदुका बाळगायच्या यावर मर्यादा घालतो. 2019 च्या दुरुस्तीनं ती तीनावरून दोनावर आली. पण मान्यताप्राप्त रायफल क्लबाचा सदस्य सरावासाठी .22 बोअरची रायफल वापरत असेल, तर त्याच कलमात त्याला सूट आहे. परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. दस्ता, गालाचा टेकू, पट्टा, चापाचा ताण यांच्याशी त्याचा संबंध नाही.

राहिला श्रीमंतीचा मुद्दा. रायफल महाग आहे, परदेशी काडतुसं त्याहून सतावतात. अंगाला बेतण्याचा खर्च मात्र वेगळा मोजा. आमच्या क्लबात पंधरा वर्षांची एक मुलगी क्लबाचीच जुनी लाकडी दस्त्याची रायफल वापरायची. दस्ता थोराड पुरुषाच्या मापाचा. चापापर्यंत बोट पोचावं म्हणून ती मान ताणायची आणि प्रत्येक गोळी डावीकडे खाली जायची. सहा महिने तिला सगळे एकाग्रता शिकवत होते, त्यांत मीही होतो. शेवटी परवानगी काढून सुट्या केलेल्या दस्त्यातून सुतारानं मागचा सव्वा इंच कापून दिला आणि गालाखाली सागाची पट्टी बसवली. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी झाली. पुढच्याच आठवड्यात तिच्या गोळ्या काळ्या वर्तुळाच्या मध्यावर आल्या. कापलेला तुकडा आम्ही टाकला नाही. शस्त्रागाराच्या खणात दोन लांब स्क्रूंसह तो ठेवलेला आहे. उंच मुलगा आला की परत लावतो.