हळदीचे पेटंट आणि कागदाबाहेरचे ज्ञान

१/ नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर हे सहस्रकुंड धबधब्याजवळचे, पैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना कायदा अमलात आला आणि आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील ‘इस्लापूर सर्कल’ हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले. माणसे, शेते आणि बोली त्याच राहिल्या. कायद्यातील काही शब्दांनी गावाचे राज्य बदलले. लिखित शब्दाच्या सामर्थ्याची अशीच दुसरी कथा या भागातील एका पिकाशी निगडित आहे. ते पीक म्हणजे हळद.

२/ नांदेड-हिंगोली हा महाराष्ट्रातील हळदीचा मोठा पट्टा असून नांदेड आणि वसमत येथे तिच्या बाजारपेठा आहेत. मराठी घरात हळद वरणात पडते, लग्नाआधी वधूवरांच्या अंगाला लागते आणि विळीवर बोट कापले की जखमेतही भरली जाते. हा शेवटचा उपयोग कोणी कोणाला पुस्तकातून शिकवला नाही.

३/ १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेटिए यांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे केले. तेच करक्युमिन. त्याची रचना १९१० मध्ये उलगडली. हे द्रव्य पॉलिफेनॉल वर्गातील आहे. किडी, बुरशी आणि प्रखर ऊन यांपासून बचावासाठी वनस्पती अशी द्रव्ये घडवतात. चहा, द्राक्षे आणि आवळ्यातही ती असतात. हळदपुडीत मात्र करक्युमिनचे प्रमाण साधारण ३ टक्केच असते.

४/ १९५६ मध्येच अमेरिकेत डेनम हार्मन यांनी वार्धक्याविषयी एक सिद्धान्त मांडला. शरीरातील चयापचयातून ‘मुक्त मूलके’ हे अस्थिर कण निर्माण होतात, ते पेशींची हानी करतात आणि त्यातूनच म्हातारपण येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. परीक्षानळीत पॉलिफेनॉल या कणांना निष्प्रभ करतात. त्यामुळे पुढील दशकांत हळदीसारख्या पदार्थांकडे साऱ्या जगाचे लक्ष वळले.

५/ २८ मार्च १९९५ रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ५४०१५०४. जी गोष्ट भारतात घरोघरी चालत आली होती, ती तेथील दप्तरात ‘नवा शोध’ म्हणून नोंदली गेली.

६/ भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक होते गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. अडचण कायद्याची होती. परदेशातील केवळ वापर त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात पुरावा ठरत नसे. छापील उल्लेखच हवा असे. कोट्यवधी आज्यांची साक्ष तेथे निरुपयोगी होती.

७/ परिषदेने संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथांसह ३२ संदर्भ सादर केले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने पेटंटमधील दावे फेटाळले. एका विकसनशील देशाने पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकी पेटंट हाणून पाडल्याची ही गाजलेली घटना ठरली.

८/ या विजयाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. हा उपयोग नवा नाही, एवढेच तेथे सिद्ध झाले. हळद गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न त्या कार्यालयापुढे नव्हताच. पोटात घेतलेले करक्युमिन रक्तात फार थोडे उतरते, कारण आतडे आणि यकृत त्याचे लगेच रूपांतर करतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातील पायपरीन सोबत देऊन हे शोषण अनेक पटींनी वाढल्याचे दाखवले. तरीही २०१७ च्या एका सविस्तर आढाव्यात चाचण्यांमधून ठोस गुण सिद्ध झालेला नाही, असाच निष्कर्ष निघाला. उलट शोषण वाढवलेल्या तीव्र गोळ्यांमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. जुनेपणाचा निवाडा इतिहास करतो. गुणाचा निवाडा प्रयोगशाळा आणि रुग्णालये करतात. एकाचा पुरावा दुसऱ्या ठिकाणी चालत नाही.

९/ पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध ग्रंथांतील योग जगभरच्या पेटंट परीक्षकांना वाचता यावेत, हा त्यामागचा हेतू होता. अमेरिकेनेही २०११ मध्ये कायदा बदलला. २०१३ पासून जगात कोठेही झालेला सार्वजनिक वापर तेथे ग्राह्य धरला जातो.

१०/ हळद वाचली, कारण तिच्यामागे शतकांचे ग्रंथ होते. किनवटच्या जंगलातील गोंड, कोलाम आणि आंध समाजांच्या वनस्पतिज्ञानामागे असे ग्रंथ नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या ठेवायच्या असतात. मात्र नोंद झालेले ज्ञान जसे सुरक्षित होते, तसेच ते परक्याच्या हातीही लागू शकते. म्हणून ज्यांचे ते ज्ञान आहे, त्यांची संमती आणि लाभातील त्यांचा वाटा हे लेखणी उचलण्याआधीच ठरले पाहिजे.