कडुनिंबाचे पेटंट आणि पुराव्याचा प्रश्न : पुणे व सांगली जिल्ह्यांतील चाचण्यांचे ऐतिहासिक महत्त्व

प्रस्तावना :
कडुनिंब (अझाडिरॅक्टा इंडिका) हा महोगनीच्या मेलिएसी कुलातील वृक्ष होय. गुढीपाडव्याच्या प्रसादापासून धान्याच्या कणगीपर्यंत त्याचा पाला महाराष्ट्राच्या लोकजीवनात रुजलेला आहे. आयुर्वेदाने 'निंब' त्वचाविकारांवर गुणकारी मानला आहे. तथापि, सर्वांना ठाऊक असलेले ज्ञान कायद्यापुढे सिद्ध करणे किती कठीण असते, हे याच वृक्षासंबंधीच्या वादाने दाखवून दिले.

वादाचे स्वरूप :
निंबोळीच्या तेलाने पिकांवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीस युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये पेटंट दिले. डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी व अमेरिकेचे कृषी खाते हे त्याचे धारक होते. १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गट व सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी त्यास हरकत घेतली. पेटंट अर्जाचा अग्रक्रम डिसेंबर १९८९ पासूनचा असल्याने तत्पूर्वीचा वापर सिद्ध करणे आवश्यक होते. युरोपीय कायद्यात जगात कोठेही झालेला जाहीर वापर ग्राह्य धरला जातो. अमेरिकी कायद्यात मात्र २०११ च्या दुरुस्तीपूर्वी परदेशातील अलिखित वापरास असे स्थान नव्हते.

पुण्याचा पुरावा :
या टप्प्यावर पुण्यातील अजय बायोटेक या संस्थेशी संबंधित अभय फडके यांची साक्ष महत्त्वाची ठरली. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत निंबोळी अर्काच्या क्षेत्रीय चाचण्या झाल्या होत्या. मे २००० मध्ये म्यूनिक येथे सुनावणी होऊन पेटंट रद्द करण्यात आले. त्याविरुद्धचे अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

निष्कर्ष :
हा निकाल परंपरेचा विजय म्हणून सांगितला जातो व ते अंशतः खरेही आहे. परंतु परंपरेच्या मदतीस स्थळ व काळ निश्चित असलेल्या चाचण्या आल्या, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. २००१ मध्ये सुरू झालेले पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय मुख्यत्वे ग्रंथबद्ध ज्ञानावर आधारलेले आहे. शेतकऱ्याच्या मुखी असलेले ज्ञान बव्हंशी त्याच्या कक्षेबाहेरच राहते. ते गाव, व्यक्ती व वर्ष यांच्या नोंदीसह लिहून ठेवणे, हे इतिहासाच्या अभ्यासकांपुढील निकडीचे कार्य होय.