रायफल निवडायची कोणी?

महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या माणदेशात पाचशे मिलिमीटर पडला, तरी वर्ष बरे गेले म्हणतात. शिकारीची रायफल चांगली कोणती, या प्रश्नाचे सातारा-सांगलीत कधीच एक उत्तर नव्हते, त्याचे पहिले कारण हा पाऊस. दुसरे कारण सरकार. आणि दुसऱ्याचा हात पहिल्यापेक्षा पुष्कळ लांब पोचला.

पश्चिमेकडची जावळी, पाटण, शिराळ्याची राने म्हणजे कारवी, जांभूळ आणि अंजनीची दाटी. सांबर, भेकर, रानडुक्कर, गवा, बिबट्या आणि एके काळी वाघ हे इथले सावज. हाकारे रान उठवत पुढे सरकत आणि माळ्यावर बसलेल्याला जनावर दिसे ते तीस-चाळीस पावलांवर, तेही क्षणभर. अशा ठिकाणी दोनशे यार्डांवर नाण्याला भोक पाडणारी रायफल घेऊन करायचे काय? इथे हवी होती झटकन खांद्याला लागणारी, जड गोळीची आणि लगेच दुसरा बार काढणारी बंदूक. संस्थानिकांची आणि साहेबांची पसंती म्हणून दुनळी रायफलीला होती. ज्याच्याकडे तेवढा पैसा नाही तो बाराबोर भरून बसे, आणि त्याहून गरीब असलेला रानकरी ठासणीच्या बंदुकीवर भागवे.

खटाव, माण, आटपाडी, जतकडे आले की सगळे उलटे होते. मोकळा माळ, खुरटे गवत, अधूनमधून बाभूळ. काळवीट, चिंकारा, लांडगा आणि माळढोक ही इथली जनावरे माणसाला दुरूनच हेरत. शंभर-दीडशे पावलांच्या आत ती येऊ देत नसत, आणि छर्ऱ्याची बंदूक तिथे कुचकामी ठरे. बोल्टच्या रायफलीला खरा वाव होता तो या माळावर.

बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा मागेपुढे सरकणारा पोलादी दांडा. मूठ वर करून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की मॅगझिनमधले नवे आत जाते, खाली दाबली की नळीचे तोंड बंद. प्रशियाच्या सैन्याने १८४१मध्ये ड्रेझेची सुईची रायफल घेतली, तिथून या रचनेचा लष्करी प्रवास सुरू झाला आणि पाऊल मावझरच्या १८९८च्या नमुन्यात तिला प्रौढ रूप आले. मावझरच्या बोल्टला पुढच्या टोकाशी दोन भक्कम कान असतात. बाराचा दाब नळीलगतच अडवला जातो, दांडा लवत नाही आणि नेम टिकतो. शिवाय तिचा लांब आकडा काडतुसाची कड मॅगझिनमधून निघतानाच पकडतो. रायफल कशीही वाकडी धरली तरी काडतूस निसटत नाही. अंगावर येणाऱ्या डुकरासमोर याचे मोल कळते.

ब्रिटिश फौजेची ली-एनफिल्ड वेगळ्या वळणाची. तिचे कान बोल्टच्या मागच्या बाजूला, त्यामुळे बाराच्या वेळी दांडा किंचित दबतो. काटेकोर नेमबाजीत ही उणीवच. पण मूठ थोडीशीच उचलावी लागते, बोल्ट लोण्यातून फिरावा तसा फिरतो आणि चिखल-धुळीला ती सहसा दाद देत नाही. माळावरच्या काळविटासाठी मावझर आणि कोयनेच्या रानासाठी ली, असा निवाडा एखाद्या जाणकाराने दिला असता तर तो चुकीचा नव्हता. मात्र निवाडा देण्याचा अधिकार जाणकाराकडे नव्हताच.

१८५७च्या उठावानंतर दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानी मुलखात हत्यारे जमा करण्याचा बडगा निघाला. सांगली-मिरजेच्या पटवर्धनांबरोबर एकाच एजन्सीत मोडणाऱ्या नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांच्या बंडाला या निःशस्त्रीकरणाची मोठी धार होती. मे १८५८मध्ये पोलिटिकल एजंट मॅन्सन त्यात मारला गेला. पुढे व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८मध्ये, हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना हवा, युरोपियनाला मात्र नियमांतून सूट. संस्थानिकही सूटवाल्यांच्या यादीत होते. म्हणजे एकाच रानात राजासाहेब आणि कलेक्टर विनापरवाना, आणि ज्याच्या शेतात डुक्कर घुसते तो कुणबी मात्र मामलेदार कचेरीच्या पायरीवर.

सरकारची नजर एवढ्यावर थांबली नाही. ती नळीच्या आत, बोअरपर्यंत म्हणजे नळीच्या व्यासापर्यंत गेली. फौजेचे काडतूस ज्या बंदुकीत बसेल ती बंदूक प्रजेकडे नको, असे धोरण ठरले. १९०७च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आली. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या दारूगोळ्याचा बंडखोर उपयोग करतील ही धास्ती तिच्यामागे होती. लंडनच्या बंदूक कारागिरांचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थानातच, तेव्हा त्यांनी तातडीने .४६५, .४७०, .४७५, .४७६ असे नवे बोअर काढले. आज जगभरचे शौकीन ज्या .४७०चे गोडवे गातात, तिचा जन्म वाघाच्या कातडीच्या जाडीवरून झालेला नाही. तो एका सरकारी हुकमाला वळसा घालण्यातून झाला.

.३०३चेही तेच. फौजेची रायफल म्हणून ती खासगी हातांना बंद. यावर बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने काढलेला तोडगा मोठा नामी होता. रायफल तीच ली-एनफिल्डच्या घाटाची. नळी मात्र ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मान्लिखर काडतुसाची. हिंदुस्थानात ते काडतूस कोणत्याही पलटणीचे नव्हते, म्हणून चोरून नेण्याचा प्रश्न नव्हता. हीच ती .३१५, परवानेवाल्यांच्या तोंडची ‘थ्री-फिफ्टीन’.

गुणांची परीक्षा घ्यायची तर ती फार वरच्या नंबरात पास होत नाही. मूळ ऑस्ट्रियन काडतुसाची गोळी २४४ ग्रेनची, वेग सेकंदाला ६२० मीटरच्या आसपास. .३०३च्या मार्क ७ काडतुसाची गोळी १७४ ग्रेनची आणि वेग ७४० मीटरच्या वर. जड आणि मंद गोळी लवकर खाली येते. शंभर मीटरवर नेम बांधला, तर दोनशेवर .३०३ची गोळी वीतभर उतरते आणि .३१५ची दीड वीत. जतच्या माळावर काळविटाची पाठ आणि पोट यांच्यातले अंतर लक्षात घेतले की या अर्ध्या वितीने काय होते ते सांगायला नको. उलट पाटणच्या झाडीत हीच जड गोळी कामाची. डुकराच्या खांद्यात ती खोल जाते आणि तिथे दोनशे मीटर दिसतच नाहीत.

धक्काही .३०३पेक्षा थोडा जास्तच. गोळी जड आणि रायफल साडेतीन किलोच्या आसपास, तर खांद्याला हिशेब चुकवावाच लागतो. दस्त्याच्या टोकाला रबर असे ते मोजक्या, महागड्या रायफलींना. बाकीच्यांना पोलादी पत्रा. उभ्या माणसाचे अंग धक्क्याबरोबर मागे झुकते आणि तो वाटला जातो. माळ्यावर पाठ टेकून बसलेल्याला ती सोय नाही, म्हणून तोच बार त्याला दुप्पट लागल्यासारखा वाटतो. धक्क्याच्या भीतीने घोडा ओढताना डोळे मिटणारा शिकारी कोणत्याही कंपनीच्या रायफलीला बदनाम करू शकतो.

आणि पुन्हा पाऊस. बोल्टच्या रायफलीची नळी अक्रोडाच्या लाकडात बसवलेली असते. दमट हवेत लाकूड फुगते, नळीला एका बाजूने रेटते आणि उन्हाळ्यात बांधलेला नेम पावसाळ्यानंतर दोन-चार बोटे सरकलेला सापडतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे; बारानंतर त्याचे क्षार नळीत राहत आणि हवेतला ओलावा शोषून रात्रीतून गंज धरत. उकळते पाणी ओतून नळी धुवायची, कोरडी करायची, मग तेल, हा त्यावरचा इलाज. दुर्बिणी त्या काळी थोड्यांकडेच. धुक्यात त्यांच्या काचा आंधळ्या होत. पुढे माशी आणि मागे खाचेची पट्टी एवढ्यावरच बहुतेकांचे काम चाले. दूरच्या नेमासाठी शंभर, दोनशे, तीनशे यार्डांच्या घडीच्या पट्ट्या असत खऱ्या, पण तीनशेची पट्टी दाखवायलाच जास्त उपयोगी पडली असावी.

या सगळ्यात एक विसंगती अशी की सातारा-सांगलीच्या माणसाला बंदी असलेली .३०३ उत्तम येत होती. हे दोन्ही जिल्हे मराठा पलटणींच्या भरतीचे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंडच्या फौजेत लढल्या आणि कूतच्या वेढ्यात अडकल्या. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाचे ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. गावाला आज ‘आपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. सरकारच्या शत्रूवर .३०३ चालवण्यात तरबेज झालेला तो जवान पेन्शन घेऊन घरी आला की तीच रायफल त्याला जवळ ठेवता येत नसे. १९३०मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने ही एक होती, याची आठवण अहिंसेच्या व्याख्यानांत सहसा काढली जात नाही.

सरकारची भीती अगदीच काल्पनिक नव्हती, हे १९४२नंतर याच मुलखाने दाखवून दिले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला हत्यारे हवी होती आणि परवाना कचेरी त्यांच्यासाठी नव्हती. नानांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या मारहाणीचे सोंग वठवले गेले. मार खाणारी बायको हौसाताई. पोलीस सोडवायला धावले आणि तेवढ्यात सोबत्यांनी ठाण्यातली हत्यारे लांबवली. गोव्याहून हत्यारे आणण्याच्या कामातही त्या होत्या. प्रतिसरकारातल्या जी. डी. बापू लाडांचे कुंडल औंध संस्थानात होते, खालसा मुलूख आणि संस्थाने यांच्या सीमा एकमेकींत गुंतलेल्या होत्या, आणि पाठलागावरच्या पोलिसाला त्यांचा मोठा त्रास होई. नागनाथअण्णा नायकवडींच्या सोबत्यांना बंदूक शिकवायला आझाद हिंद फौजेतले नानकसिंग आले; २५ फेब्रुवारी १९४५ रोजी मणदूरच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते आणि किसन अहिर मारले गेले. शिराळ्याच्या ज्या डोंगरांत साहेब सांबर मारायला येत, तिथेच हे घडले.

इंग्रज गेले, बोअरचा हिशेब राहिला. १९५९च्या हत्यार कायद्याने आणि १९६२च्या नियमांनी .३०३, तसेच फौजी काडतूस बसेल अशी कोणतीही रायफल सामान्य परवान्याबाहेरच ठेवली. इंग्रजी अमदानीत पोलिसांना दिलेली .४१०ची मस्केटही त्या यादीत आहे. .३१५ मात्र नागरी बोअर म्हणून टिकली, आणि आता ती बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागली. ज्या कारखान्याने फौजेसाठी ली-एनफिल्ड घडवल्या, त्यानेच त्या घाटाची .३१५ परवानेवाल्यांना विकावी, हे ओघानेच आले. घडण बीएसएइतकी नजाकतीची नाही असे हौशी लोक म्हणत, पण काडतूस देशात मिळत होते, आणि आयातीचे दरवाजे बंद होत असताना हा गुण बाकी सगळ्यांवर भारी पडला.

मग १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू शिकारच संपली. कोयना आणि चांदोली १९८५मध्ये अभयारण्ये झाली, पुढे चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१०मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवावे, असे या कायद्याचे ३४वे कलम सांगते. पाटण-शिराळ्याची कित्येक गावे या वर्तुळात येतात. गवे आणि डुकरे उसात, भातात उतरतात ती याच गावांत.

बोल्टची रायफल या परिसरात आज गाजते आहे ती वेगळ्याच कारणाने. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले, ४५१.४ गुणांनी. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेतली .२२ची रायफल बोल्टचीच असते. धक्का नावापुरता आणि नेम असा की १०.४ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळाचेही दशांश मोजावेत.

जुन्या वाड्यांपुढे मात्र २०१९च्या दुरुस्तीने निवड ठेवली. एका परवान्यावर तीन हत्यारे चालत, ती दोनवर आली. खेळाडूंना सवलत, बाकीच्यांनी वर्षाच्या आत तिसरे जमा करायचे. आजोबांची विलायती दुनळी, वडिलांची .३१५ आणि शेतराखणीची बाराबोर असा संच ज्यांच्याकडे होता, त्यांना तिन्ही टेबलावर मांडून बसावे लागले. कारागिरीत दुनळीला तोड नाही, पण तिची विलायती काडतुसे मिळणे दुरापास्त. बाराबोरची काडतुसे परवान्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात आणि .३१५ची देशातच तयार होतात.