बारीक अक्षरांतली हमी

मे १९५५. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात हेनिंगसेन यांनी पत्नीसाठी नवी प्लिमथ मोटार घेतली. दहाच दिवसांत, पत्नी गाडी चालवत असताना स्टिअरिंग अचानक गरगरा फिरले. मोटार विटांच्या भिंतीवर आदळली.

कराराच्या पाठीमागे बारीक अक्षरांत अट होती: ९० दिवस किंवा ४,००० मैलांपर्यंत सदोष भाग बदलून मिळेल, अन्य जबाबदारी नाही. बहुतेक साऱ्या मोटार-कंपन्यांची हमी हीच असल्याने ग्राहकाला दुसरे दार नव्हते.

१९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट अवैध ठरवली. जिथे निवडीलाच वाव नाही, तिथली स्वाक्षरी ही खरी संमती नव्हे.

पुढे १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिला ‘लेमन लॉ’ केला: वारंवार दुरुस्त करूनही न सुधारणारी नवी गाडी बदलून द्या, अन्यथा पैसे परत करा.