गायरान, नामांतर आणि नागरिकत्व : चाकूर परिसराच्या निमित्ताने मराठवाड्यातील दलित चळवळीचा इतिहास

गावाच्या जनावरांना चरण्यासाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन म्हणजे गायरान. मराठवाड्यात ती बहुधा माळावर असते. मुरमाड, हलकी, नांगर लावला तर दगडच वर येणारी. लातूर–नांदेड रस्त्यावरचे चाकूर आणि त्याच्या आसपासची गावे बालाघाटच्या पठारावर वसली आहेत. तिथे काळ्या रानाशेजारी असा माळ जागोजाग दिसतो. स्वातंत्र्यानंतरच्या पन्नास वर्षांत मराठवाड्याच्या दलित भूमिहीनांनी हाच माळ फोडला, दगड वेचून बांध घातले आणि ज्वारी, तूर, हुलगा, मटकी पेरली. या कामाची नोंद स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात सापडत नाही, महसूल खात्याच्या दप्तरात मात्र ती आहे. भारतीय संविधानाने दिलेले नागरिकत्व गावपातळीवर कसे उतरले, हे समजण्यासाठी या जमिनीचा इतिहास राजधानीतल्या घडामोडींइतकाच महत्त्वाचा आहे.

हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात मोडत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. चाकूरला तालुक्याचे ठिकाण होण्याचा मान त्यानंतर मिळाला.

संस्थानी काळात महार आणि मांग समाजाचे गावातले स्थान बलुत्याने ठरलेले होते. वेशीची राखण, सरकारी निरोप पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, वाद्य वाजवणे, दोर वळणे, केरसुण्या बांधणे ही कामे वंशपरंपरेने करायची आणि खळ्यावर धान्य, घरोघरी भाकरी घ्यायची. ज्यांचे बलुत्यावर भागत नसे ते पाडव्यापासून पाडव्यापर्यंत सालगडी म्हणून राहत. उचल घेतलेली फिटत नसे आणि साल संपले तरी सुटका होत नसे. जमीन कसणारे हात त्यांचे होते, जमिनीच्या कागदावरचे नाव दुसऱ्याचे.

संस्थानात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सभांना मोकळीक नव्हती. म्हणून १९३८ च्या डिसेंबरात औरंगाबाद जिल्ह्याच्या कन्नड भागातील कार्यकर्त्यांनी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने संस्थानाच्या हद्दीबाहेर मक्रणपूरची परिषद भरवली. १९४१ च्या फेब्रुवारीत उस्मानाबादजवळच्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद झाली. लातूरकडच्या गावांना ती जवळची होती. तडवळ्याच्या परिषदेचे नाव नीट वाचायला हवे, कारण त्यात महार आणि मांग दोघेही आहेत. पुढच्या राजकारणात या दोन जातींमधले अंतर अनेकदा वाढवले गेले. वंशपरंपरेच्या गावकामाच्या, म्हणजे वतनाच्या, वेठीविरुद्ध मात्र ते एका मांडवात बसले होते.

संस्थान भारतात येणार की नाही, हा प्रश्न १९४७ मध्ये उभा राहिला तेव्हा हैदराबादच्या दलित नेतृत्वात फूट होती. बी. एस. व्यंकटराव हे निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर हे निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांत गेले. त्यांच्या दृष्टीने हिंदू सवर्णांच्या बहुमताखाली जाणे हा धोका होता आणि गावातला अनुभव पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्ये जाहीर पत्रक काढून संस्थानातील अस्पृश्यांना निजामाची बाजू न घेण्याचे सांगितले. मराठवाड्यातल्या बहुसंख्य आंबेडकरी कार्यकर्त्यांची पुढची वाट याच दिशेने गेली. भारत नावाच्या राष्ट्रात सामील होण्याचा हा निर्णय होता आणि तो बरोबरीच्या अटीवर होता. ही अट पुढे पन्नास वर्षे पुन्हा पुन्हा मांडली गेली.

हैदराबादच्या मुक्तीनंतर जमिनीचे कायदे झपाट्याने आले. १९४९ मध्ये जहागिरी संपल्या. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने संरक्षित कुळांना मालकीची वाट मोकळी करून दिली. ज्याचे नाव कूळ म्हणून कागदावर होते त्याला याचा लाभ झाला. सालगड्याचे किंवा रोजंदाराचे नाव कुठेच नव्हते, त्यामुळे सुधारणेचा तो पहिला मोठा टप्पा त्याच्या दारावरून पुढे निघून गेला. त्याच्यासमोर उरली ती सरकारी पड आणि गायरान.

इथून चळवळीचा खरा जमिनीवरचा भाग सुरू होतो. आंबेडकरी नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक जमिनी कसायला घेण्याचे सत्याग्रह केले. मराठवाड्यात १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातच त्याची सुरुवात झाली, १९५९ मध्ये त्याला मोठे रूप आले आणि ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्या सत्याग्रहात लाखो लोकांनी अटक करून घेतली. तुरुंग अपुरे पडले. बायका कडेवर पोरे घेऊन गाडीत चढल्या.

पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे त्या वेळी दिलेले मागण्यांचे निवेदन आज वाचले तर त्याचा आवाका लक्षात येतो. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा कायदा प्रत्यक्षात लागू करा, धान्याच्या भावाला आळा घाला, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या तीन मागण्या जातीपुरत्या नव्हत्या, देशातल्या कोणत्याही मजुराच्या होत्या. शेवटच्या दोन मान्य व्हायला पंचवीस वर्षे लागली. तैलचित्राचे अनावरण १९९० मध्ये झाले आणि त्याच वर्षी केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान देणारी दुरुस्ती केली. संसद भवनातल्या त्या चित्रामागे माळावर नांगर घेऊन गेलेल्या आणि त्यासाठी तुरुंगात बसलेल्या शेतमजुरांचा आग्रह आहे, हे सांगितले जात नाही. ते सांगितले गेले पाहिजे.

गावात या जमिनीचा व्यवहार विलक्षण पद्धतीने चाले. कुटुंब गायरानात पेरणी करी. तलाठी येऊन पंचनामा करी, अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये घेई आणि दंड बसवी. दंडाची पावती कसणारा जपून ठेवी, पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या घडीखाली. कारण ती पावती म्हणजे अमुक साली अमुक माणूस ही जमीन कसत होता, याचा सरकारी हाताने लिहिलेला पुरावा होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५० ने अतिक्रमण काढता येते आणि कलम ५१ ने ते नियमित करता येते. या दोन कलमांच्या मधल्या जागेत मराठवाड्यातील हजारो कुटुंबांनी पिढ्या काढल्या. शाळेत न गेलेल्या माणसांनी कायद्याच्या कागदाचा असा उपयोग शिकून घेतला, ही या चळवळीची मोठी कमाई आहे.

विरोधही तितकाच चिवट होता. गुरे कुठे चारायची, हा उघड आक्षेप असे. त्यामागे दुसरे कारण होते. ज्याच्या घरी चार पोती ज्वारी झाली तो पाडव्याला सालाने राहायला येत नाही आणि मजुरीचा दर विचारतो. म्हणून उभ्या पिकात जनावरे सोडणे, कामावरून काढणे, किराणा बंद करणे, पिठाची गिरणी बंद करणे हे प्रकार झाले. गावाने बहिष्कार घातला की तालुक्याच्या बाजारापर्यंत पायपीट करण्याशिवाय उपाय नसे.

१९७२ च्या दुष्काळाने आणखी एक बदल घडवला. पाझर तलाव, नाला बांध आणि खडी फोडण्याची कामे निघाली. मजुरी सरकारकडून मिळू लागली आणि सवर्ण-दलित बाया-माणसे एकाच कामावर, एकाच हजेरीपटावर आली. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला. या योजनेचे श्रेय वि. स. पागे यांना दिले जाते, ते योग्यच आहे. पण योजनेला वजन दिले ते कामासाठी मोर्चे काढणाऱ्या भूमिहीनांनी. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यासमोर हाच नमुना होता.

जमिनीबरोबर शिक्षण चालत आले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू झाले आणि पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यात तोवर उच्च शिक्षणाची सोय नावापुरती होती. नांदेड-उस्मानाबादकडची खेड्यातली मुले तिथल्या वसतिगृहात राहून शिकली. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने या पिढीला लिहिण्याची जागा दिली आणि मराठी साहित्याचा नकाशा बदलला. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते आणि हा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. पोलीस ठाण्यात तो तसाच राहिला. तो अनुभव चाकूरपासून फार दूर नसलेल्या गावातून देशाच्या साहित्यात गेला.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात जे घडले ते या प्रदेशाच्या इतिहासातील अत्यंत लाजिरवाणे पर्व आहे. शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, धान्य नासवले गेले, कुटुंबे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्याला याची झळ सर्वांत जास्त बसली. तिथल्या टेंभुर्णी गावात पोचीराम कांबळे यांची ऑगस्ट १९७८ मध्ये निर्घृण हत्या झाली. ते मातंग, म्हणजे मांग, समाजाचे होते. नामांतर ही एकाच जातीची मागणी होती, असे म्हणणाऱ्यांना त्यांचे नाव हेच उत्तर आहे.

या हल्ल्यांचे कारण केवळ विद्यापीठाच्या पाटीत शोधून सापडत नाही. खेड्यातल्या हल्लेखोरांपैकी किती जणांनी विद्यापीठ पाहिले होते? त्यांच्यासमोर होता तो गायरानात पीक काढणारा, सालाने न राहणारा, पोराला औरंगाबादला शिकायला पाठवणारा शेजारी. आधीच्या पंचवीस वर्षांत बदललेले गावातले संबंध त्या ठरावाच्या निमित्ताने उफाळून आले.

ठरावाची अंमलबजावणी थांबली, मागणी थांबली नाही. १९७९ च्या नोव्हेंबरात जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. दलित पँथरचे गट, रिपब्लिकन पक्ष, युवक क्रांती दल (युक्रांद), समाजवादी आणि डावे कार्यकर्ते, साहित्यिक असे अनेक जण या लढ्यात उतरले. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे या तरुण कार्यकर्त्याने आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि विद्यापीठ ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर जिल्ह्यातील महाविद्यालये, चाकूरसह, त्याच्याकडे गेली. आज मराठवाड्यातल्या या दोन विद्यापीठांपैकी एक हैदराबाद मुक्तिलढ्याच्या नेत्याचे नाव धारण करते आणि दुसरे सामाजिक समतेच्या लढ्याच्या नेत्याचे. मुक्तीचे हे दोन अर्थ बरोबरीने मांडले गेले, त्यासाठी सोळा वर्षे आणि अनेकांचे प्राण द्यावे लागले.

गायरानाच्या प्रश्नाने याच काळात पुढचा टप्पा गाठला. राज्य सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. जपून ठेवलेल्या दंडाच्या पावत्या आता कामाला आल्या. बीडचे एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियानाने मराठवाड्याच्या गावोगाव फिरून हे दावे उभे केले. पोतराजाच्या घरात जन्मलेल्या आवाडांनी मातंग, बौद्ध, पारधी कुटुंबांना एकत्र आणून अर्ज भरायला लावले, मोजणी मागायला लावली. काहींच्या नावे सातबारा झाला. पुष्कळांचे अर्ज तहसीलमध्ये पडून राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी १२ जुलैला त्यानुसार निर्णय काढला. मूळ निकालात भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनुसार दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. नोटिसा निघतात तेव्हा त्या अपवादाचा विसर पडतो, म्हणून मोर्चात आणि निवेदनांत त्याची आठवण करून द्यावी लागते. अलीकडे शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठीच्या सौर प्रकल्पांना गायराने दिली जात आहेत. वीज हवीच आहे, पण ज्या तुकड्यावर एखादे कुटुंब तीस-चाळीस वर्षे पेरणी करत आले तो ‘रिकामी सरकारी जागा’ म्हणून नकाशावर दाखवला जातो, तेव्हा वाद उभा राहतो. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांतील भूमिहीनांच्या संघटना सध्या गाव नमुना १-ई च्या जुन्या नोंदी, पावत्या आणि पीक पाहणीचे उतारे गोळा करून १९९१ च्या निर्णयाखालचे प्रलंबित दावे आधी निकाली काढा, अशी मागणी करत आहेत.