खरें जेड आणि नांवाचें जेड

रत्नपरीक्षेच्या इतिहासांत जेडइतकें फसवें प्रकरण क्वचितच सांपडेल. हिऱ्यामोत्यांचीही नक्कल होते. पण तेथें खरें कोणतें याविषयीं निदान वाद नसतो. जेडच्या बाबतींत मात्र एका पिढीनें ज्यास खोटें म्हटलें त्यास पुढच्या पिढीनें डोक्यावर घेतलें, असें घडलेलें आहे. म्हणून हा हिरवा दगड विकत घेऊं इच्छिणारानें दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं इतिहासाकडे थोडें वळून पाहावें, हें बरें.

चीनमधील चू राज्याची एक कथा ‘हान फैझ’ या प्राचीन ग्रंथांत आली आहे. ब्येन हो नामक मनुष्यानें डोंगरांत सांपडलेला एक ओबडधोबड दगड राजास अर्पण केला. दरबारी जवाहिऱ्यानें तो साधा धोंडा ठरविला, आणि लबाडीबद्दल ब्येन होचा डावा पाय तोडण्यांत आला. दुसऱ्या राजाच्या कारकीर्दींत त्याच कारणासाठीं उजवाही गेला. तो डोंगराच्या पायथ्याशीं रडत बसला असतां तिसऱ्या राजानें चौकशी करविली. तेव्हां पाय गेल्याचें नव्हे, तर रत्नास धोंडा व सत्यवाद्यास लबाड म्हटल्याचें आपणांस दुःख आहे, असें त्यानें कळविलें. राजानें दगड कापविला. आंत अस्सल जेड निघालें!

उलट बाजूची फसवणूकही तितकीच जुनी आहे. ‘लिजी’ या ग्रंथांत कन्फ्यूशियसचा एक शिष्य विचारतो कीं, सज्जन जेडला मान देतात आणि ‘मिन’ नांवाच्या त्यासारख्याच दिसणाऱ्या दगडास तुच्छ लेखतात, तें जेड दुर्मिळ म्हणून काय? गुरु नकार देतो, आणि जेडची स्निग्ध कांति, घट्टपणा व आघात करितांच उमटणारा स्वच्छ नाद यांची सद्‌गुणांशीं तुलना करितो. दोन हजार वर्षांपूर्वींही जेडचा तोतया बाजारांत होता, हें यावरून उघड होतें.

पुढें अठराव्या शतकांत चमत्कार घडला. तोंवर चिनी लोकांचें जेड म्हणजे प्रामुख्यानें खोतानकडील नद्यांतून येणारा दगड. आतां ब्रह्मदेशाच्या उत्तरेकडील काचिन टेंकड्यांतला झळझळीत हिरवा दगड युनान प्रांतामार्गें येऊं लागला. ची युन (१७२४–१८०५) या विद्वानानें नमूद केलें आहे कीं, आपल्या लहानपणीं या दगडास कोणी जेड मानीत नसे. म्हातारपणीं मात्र त्याचें मोल खऱ्या जेडहूनही वर चढलें. सन १८६३ मध्यें दामूर या फ्रेंच रसायनज्ञानें पृथक्करण करून ब्रह्मी दगड हें वेगळेंच खनिज असल्याचें दाखविलें. तेव्हांपासून जुनें तें नेफ्राइट व ब्रह्मी तें जेडाइट; आणि दोन्हींही जेडच!

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. लबाडी दगडांत नसते, नांवांत असते. फिकट, डागाळलेलें वा तडकलेलें जेड हलक्या प्रतीचें खरें, पण खोटें नव्हे. त्याची किंमत मात्र तशीच हवी. मऊ सर्पेंटाइन ‘नवें जेड’ म्हणून खपतें. आपल्या देशांतील हिरवें अ‍ॅव्हेंच्युरीन, जें वस्तुतः एक प्रकारचें क्वार्ट्‌झ आहे, तें ‘इंडियन जेड’ या नांवानें मिरवतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तर खऱ्या जेडाइटचे डाग आम्लानें धुऊन आंत राळ भरण्याची युक्ति निघाली. व्यापारी अशा मालास ‘बी’, रंगविलेल्यास ‘सी’ आणि निर्भेळास ‘ए’ म्हणतात.

घेणारानें काय पाहावें? जेड हातास थंड लागतें. पण कांचही प्रथम थंडच लागते, म्हणून भिंगांतून बुडबुडे दिसतात काय तें पाहावें. रंग भेगांत साचलेला दिसल्यास तो वरून दिलेला समजावा. चाकूनें चरा उमटल्यास दगड बहुधा जेड नव्हे. परंतु क्वार्ट्‌झवरही चरा उमटत नाहीं, म्हणून न उमटणें हा पुरावा नव्हे. तराजू अधिक विश्वासू. सुटा ३३ ग्रॅमचा जेडाइट पाण्यांत टांगून तोलल्यास सुमारें १० ग्रॅम हलका भरतो, नेफ्राइट सुमारें ११, तर अ‍ॅव्हेंच्युरीन सुमारें साडेबारा. राळ भरलेल्या मालापुढें मात्र घरगुती उपाय हात टेंकतात. तेथें प्रयोगशाळेंतील अवरक्त किरणांची परीक्षाच हवी.

शेवटीं, पावतीवर केवळ ‘जेड’ न लिहितां खनिजाचें नांव व त्यावर झालेली प्रक्रिया लिहून मागावी. ज्यास आपल्या मालाची खात्री आहे त्यास त्यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. ब्येन होच्या पहिल्या दोन राजांनीं जवाहिऱ्याच्या शब्दावर निकाल दिला; तिसऱ्यानें दगड कापून पाहिला. एका मनुष्याचे दोन्ही पाय गेले ते या अंतरामुळें. आपला तर केवळ पैसा जावयाचा. पण तोही कोणाच्या नुसत्या शब्दावर कां जावा?