कोपराचं फ्रॅक्चर : ऑपरेशन, तारा आणि पुढची काळजी

मूल झाडावरून, सायकलवरून किंवा गच्चीच्या पायऱ्यांवरून पडतं, हात टेकतो आणि कोपर सुजतं. अशा वेळी आपल्या अनेक घरांत पहिली धाव असते ती मालिशवाल्या पहलवानाकडे. आम्ही पालकांना कळकळीने सांगतो, कोपराच्या बाबतीत हे करू नका.

कोपरच इतकं नाजूक का?
मुलांमध्ये, विशेषतः 5 ते 7 वर्षांच्या वयात, दंडाचं हाड कोपराच्या अगदी वर मोडतं. हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी आणि महत्त्वाच्या नसा तिथूनच जातात. सरकलेलं हाड त्यांच्यावर दाब देऊ शकतं. त्यात ओढाताण केली किंवा घट्ट पट्टी बांधली, तर रक्तपुरवठा तुटतो. काही तासांतच स्नायू मरू लागतात आणि बोटं कायमची आखडतात. फोल्कमान या जर्मन सर्जनने 1881 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत
- हात आहे त्या स्थितीत आधार देऊन ठेवा. सरळ करायला जाऊ नका.
- बांगड्या, अंगठी, हातातला धागा काढून टाका.
- हळदीचं दूध, चहा, बिस्किट काही देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं.

ऑपरेशन कधी?
एक्स-रेमध्ये हाड सरकलेलं नसेल तर साधारण 3 ते 4 आठवडे प्लास्टर पुरतं. पूर्ण सरकलं असेल तर मुलाला भूल देऊन, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, हाड जागेवर बसवतात आणि कातडीतून 2-3 बारीक तारा घालतात. बहुतेक वेळा चिरा द्यावा लागत नाही. साधारण 3 ते 4 आठवड्यांनी तारा काढतात.

मोठ्या माणसांत बऱ्याचदा कोपराचं मागचं टोक मोडतं. दंडाचा स्नायू तो तुकडा वर ओढतो, त्यामुळे हात सरळ करता येत नाही. अशा वेळी तारेने बांधणं किंवा प्लेट बसवणं हा इलाज आहे. सांध्याचे तुकडे झाले असतील तर कधी दोन प्लेटा लागतात.

ही लक्षणं दिसली तर रात्र असली तरी निघा
औषध घेऊनही वेदना वाढणं, बोटं सरळ करताना मूल किंचाळणं, बोटं थंड, फिकट किंवा बधिर पडणं, बोटं न हलणं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. तारांच्या जागी पू किंवा ताप आला तरीही दाखवा.

बरं होताना
कोपर लवकर आखडतं. मोठ्यांना डॉक्टर बहुधा काही दिवसांतच हालचाल सुरू करायला सांगतात; दुखतं म्हणून टाळू नका. मुलांचा हात तारा निघाल्यावर खेळता-खेळता मोकळा होतो, त्याला काही महिनेही लागू शकतात. जबरदस्तीने वाकवणं, तेल लावून रगडणं, पाण्याची बादली उचलायला लावणं, हे सगळं नुकसानच करतं. जोरदार मालिशने सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊ शकतं आणि कोपर आणखी जाम होतं. मोठ्यांचं कोपर कधी शेवटचं थोडं सरळ होत नाही. पण घास तोंडापर्यंत नेणं, वेणी घालणं, वुजू करणं जमायला लागतं.

वुजू आणि नमाज
प्लास्टर भिजवायचं नाही. पट्टीवर ओल्या हाताने मसह करण्याची सवलत शरीअतमध्ये आहे. सज्द्यात मोडलेल्या हातावर भार टाकू नये. इशाऱ्याने नमाज कशी पढायची ते आपल्या मौलाना साहेबांना विचारून घ्या.

खर्चाचं
ॲडमिट होतानाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

इलाज करणं हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. शिफा अल्लाहच्या हातात आहे, पण वेळेवर हॉस्पिटल गाठणं आपल्या हातात आहे.